कितीपैकी किती? : गुण, श्रेणी आणि टक्के यांच्या हिशेबाची प्रस्तावना

“किती मार्क पडले?” कुर्डुवाडीतल्या एकाच घरात हा प्रश्न विचारला तर आज पाच तऱ्हेची उत्तरं येतील. आजोबा सांगतात, जुन्या अकरावीला सेकंड क्लास. वडील सांगतात, दहावीला बासष्ट टक्के. मोठी मुलगी बी.एस्सी.ला आहे, तिचा या सत्राचा आकडा ७.५५. तिच्या भावानं सीईटी दिली, त्याला ९६ परसेंटाइल. धाकटी सहावीत, तिच्या प्रगतिपुस्तकात आकडाच नाही, ‘ब-१’ लिहिलंय. पेढे घ्यायला आलेले शेजारी या पाचांची मनातल्या मनात तुलना करू लागतात आणि जवळजवळ नेहमीच चुकतात. भावाला शंभरातले शहाण्णव मिळाले असं त्यांना वाटतं, बहिणीचे पंचाहत्तर टक्के धरले जातात, आणि धाकटीचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

अपूर्णांक शिकवताना आम्ही शिक्षक अंश वर लिहितो आणि छेद खाली. निकालाच्या दिवशी मात्र सगळं घर फक्त अंशाकडे बघतं. छेद गुणपत्रकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो, कधी विद्यापीठाच्या परिपत्रकात असतो, आणि कधी तो गुणांचा नसतोच, माणसांचा असतो. विद्यार्थ्यानं आपल्या निकालाचा छेद स्वतः शोधावा आणि आपला आकडा स्वतःच्या हातानं काढून बघावा, या आग्रहातून हे पुस्तक तयार झालं आहे.

यात लागणारं गणित सातवीच्या पलीकडचं नाही. बेरीज, गुणाकार, भागाकार, सरासरी आणि शेकडेवारी, बस्स. तरीही पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं आपला सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची मिळून सरासरी, कसा आला ते सांगू शकत नाहीत, आणि दहावीचे पालक ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ हे शब्द सहज वापरतात पण सहा विषयांची बेरीज करून टक्के काढतात. गणित येत असूनही असं होतं, कारण नियम कुणी समोर बसून सांगितलेला नसतो. शाळेत गुण ‘मिळतात’, ‘पडतात’, ‘दिले जातात’. ते मोजायचे असतात हे कुणी शिकवत नाही.

पूर्वी परिस्थिती उलटी होती. पंतोजींच्या शाळेत मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ करत. अपूर्णांकांचे व्यवहारी हिशेब त्यांच्या जिभेवर असत, पण त्यांना स्वतःला कुणी शंभरपैकी गुण देत नसे. एखाद्याला येतं किंवा येत नाही, एवढंच ठरे. लेखी परीक्षा, बैठक क्रमांक आणि उत्तीर्णांची यादी ही सगळी व्यवस्था विद्यापीठाबरोबर आली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. पुढं जवळजवळ शतकभर ‘मॅट्रिक’ ही मराठी मुलखातली शिक्षणाची वेस होती. स्वातंत्र्यानंतर तिची जागा एस.एस.सी.नं घेतली, १९६६ पासून राज्य मंडळ आलं, १९७० च्या दशकात अकरावी जाऊन दहावी-बारावी आली. कुर्डुवाडीचा सोलापूर जिल्हा या मंडळाच्या पुणे विभागात राहिला. कॉलेजांची नाती मात्र बदलत गेली: आधी पुणे विद्यापीठ, १९६२ नंतर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, आणि २००४ पासून सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ, जे आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं ओळखलं जातं. दर बदलाबरोबर गुणपत्रकाची रीत बदलली. आजोबा, वडील आणि नात यांचे आकडे जुळत नाहीत याचं एक कारण इथं आहे.

जगात अक्षरांच्या श्रेणी त्यामानानं उशिरा आल्या. अमेरिकेतल्या येल इथं १७८५ च्या सुमाराला विद्यार्थ्यांची चार लॅटिन नावांच्या गटांत विभागणी केल्याची नोंद आहे. अक्षराला टक्क्यांचा पट्टा जोडण्याची आजची पद्धत मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक कॉलेजात १८९७ साली दिसते. तिथं पंच्याण्णव किंवा त्याहून जास्त मिळवणाऱ्याला ‘ए’ मिळे. त्याच वर्षी कुर्डुवाडीहून बार्शीकडे इंजिनिअर कॅलथ्रॉप साहेबाची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आमच्या मुलांना सन लक्षात ठेवायला हा योग बरा पडतो.

गुणांवर शंकाही त्याच काळापासून घेतली जाते. इंग्लंडमध्ये एजवर्थ यांनी १८८८ साली परीक्षांचं संख्याशास्त्र मांडलं आणि परीक्षकागणिक गुण किती हलतात हे दाखवलं. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी १९१२-१३ मध्ये त्याहून धक्कादायक प्रयोग केला. त्यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांना तपासायला दिली. एकाच कागदाला कुणी तिसाच्या आत गुण दिले, तर कुणी नव्वदीच्या वर. तोवर इंग्रजीच्या निबंधात असं होतं हे लोक मान्य करत, भूमितीत होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगानं १९४९ मध्ये म्हटलं की विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवू. माध्यमिक शिक्षणासाठीच्या मुदलियार आयोगानं १९५३ मध्ये आकडी गुणांऐवजी चिन्हांच्या श्रेणी सुचवल्या. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंही गुणांच्या जागी श्रेणीची भाषा केली. म्हणजे शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘ब-१’ यायला मुदलियारांपासून मोजलं तर साठेक वर्षं लागली. ही सुधारणा घाईनं झाली असं म्हणणाऱ्यांनी हा काळ एकदा मोजून पाहावा.

एवढ्या इतिहासातून मोजण्याचे तीन संप्रदाय उरले आहेत आणि आज आपल्या मुलांना ते तिन्ही एकाच वेळी भेटतात.

पहिला सरळ गुणांचा. ठरावीक एकूण गुण, त्यापैकी मिळालेले, त्यांचे टक्के. दहावीचं गुणपत्रक या संप्रदायाचं. ते सोपं दिसतं, पण त्यातही चार नियम दडलेले असतात. एक उदाहरण घेऊ. एका मुलीला मराठीत ७८, हिंदीत ७१, इंग्रजीत ५८, गणितात ६४, विज्ञानात ६९ आणि सामाजिक शास्त्रांत ८२ गुण आहेत. बेरीज ४२२. सहाशेपैकी धरले तर ७०.३३ टक्के. पण २०१० पासून पाच सर्वोत्तम विषयांची बेरीज धरली जाते, म्हणून इंग्रजीचे ५८ बाजूला जातात आणि ५०० पैकी ३६४, म्हणजे ७२.८० टक्के होतात. तिनं इंटरमिजिएट ड्रॉइंगला ‘बी’ श्रेणी मिळवली असेल तर कलेचे ५ गुण जोडून ३६९ आणि ७३.८०. उत्तरपत्रिका त्याच, पण टक्क्यांचे आकडे तीन झाले. विशेष प्रावीण्याची रेघ ७५ वर आहे, प्रथम श्रेणीची ६० वर, द्वितीय श्रेणीची ४५ वर आणि उत्तीर्णची ३५ वर. ही मुलगी प्रावीण्यापासून सहा गुण दूर आहे. हे तिला निकालाआधी, सराव परीक्षेच्या गुणांवरूनच कळलं असतं तर कुठल्या विषयात सहा गुण मिळवणं जमेल, हा विचार ती जानेवारीतच करू शकली असती. ५८ च्या इंग्रजीत तीन-चार गुण वाढवून तिच्या टक्क्यांत काडीचाही फरक पडणार नव्हता, हेही तिला दिसलं असतं. (इंग्रजीकडे दुर्लक्ष करावं असं मी म्हणत नाही. पुढं कॉलेजात तीच भाषा पहिल्या दिवसापासून समोर उभी राहते.)

काठावरच्या मुलांसाठी तर नियम माहीत असणं याहून महत्त्वाचं. पुष्कळ घरांत अजून असंच समजतात की प्रत्येक विषयात ३५ हवेतच. गटाचा नियम निराळा आहे. गणित आणि विज्ञान मिळून ७० आणि प्रत्येकात किमान २५ असतील तर गट सुटतो. तिन्ही भाषा मिळून १०५ आणि प्रत्येकीत किमान २५. म्हणजे गणितात २९ आणि विज्ञानात ४३ मिळवणारा मुलगा पास आहे. गणितात आपला डब्बा गुल होणार हे गृहीत धरून पेपरच्या आदल्या रात्री पुस्तक मिटून बसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना ३५ चा डोंगर दिसत होता. २५ ची वाट कुणी दाखवली नव्हती, आणि विज्ञानात थोडे जास्त गुण मिळवून गणिताची तूट भरून निघते हेही कुणी सांगितलं नव्हतं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं आणि पुरवणी परीक्षा देता येते, हे तर निकालानंतर चार दिवसांनी कळतं. त्या चार दिवसांत एखाद्या घरात मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात आणि मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर किंवा पुण्याला कामाला जायचं ठरवून बसलेला असतो.

दुसरा संप्रदाय श्रेणीचा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं: निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राअखेरचं. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० आणि संकलितचा ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. मूल जसजसं वर जातं तसा लेखी परीक्षेचा वाटा वाढत जातो. ही चढण फार विचारानं आखलेली आहे असं माझं मत आहे, आणि शाळांनी आकारिकच्या नोंदी मनापासून ठेवल्या तिथं तिचा उपयोगही झाला. जिथं जूनच्या नोंदी एप्रिलमध्ये एका बैठकीत भरल्या गेल्या तिथं अर्थातच काही झालं नाही. श्रेणीचे पट्टे दहा-दहाचे: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, आणि तसंच खाली. त्यामुळे ७१ आणि ८० वाली दोन मुलं एकाच ‘ब-१’ मध्ये बसतात, तर ८० आणि ८१ मध्ये श्रेणीची भिंत येते. श्रेणी लहानसहान फरक पुसते हे तिचं बळ आहे. सीमेवर मात्र तीच एका गुणाचा फरक मोठा करून दाखवते. हे दोन्ही एकदम समजलं की धाकटीच्या ‘ब-१’ कडे बघण्याची नजर बदलते. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे, त्यामुळे या वर्गांच्या पालकांना आता गुण आणि श्रेणी दोन्ही वाचता यायला हवेत.

कॉलेजात हाच संप्रदाय क्रेडिटच्या रूपात भेटतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१५ मध्ये दहा अंकांची पट्टी सुचवली: ओ ला १०, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५, पी ला ४, नापासाला शून्य. यातला छेद म्हणजे क्रेडिट. आठवड्याला एक तास याप्रमाणे सत्रभर चालणारं साधारण पंधरा तासांचं व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट तास. आता सुरुवातीच्या घरातल्या बी.एस्सी.च्या मुलीकडे येऊ. तिला चार-चार क्रेडिटचे तीन मुख्य विषय आहेत आणि त्यांत ६, ६, ७ असे श्रेणिगुण आहेत. दोन-दोन क्रेडिटचे पाच छोटे विषय आहेत, त्यांत १०, ९, ९, ८, ९. आठही आकड्यांची साधी सरासरी ८ येते आणि ती घरी फोन करून ‘आठ पॉइंट’ सांगते. पण एसजीपीए, म्हणजे एका सत्राची सरासरी, असा निघत नाही. प्रत्येक श्रेणिगुणाला त्याच्या क्रेडिटनं गुणायचं: मुख्य विषयांचे २४, २४, २८ मिळून ७६, छोट्या विषयांचे २०, १८, १८, १६, १८ मिळून ९०. एकूण १६६, भागिले २२ क्रेडिट, म्हणजे ७.५५. गुणपत्रक हातात आल्यावर तिला वाटतं विद्यापीठानं चूक केली. चूक झालेली नाही, मुख्य विषयांचं वजन दुप्पट आहे. तिनं सत्रभर ज्या विषयांत मेहनत घेतली ते हलके होते. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं छोट्या क्रेडिटच्या विषयांची संख्या खूप वाढवली आहे, त्यामुळे ही गल्लत इथून पुढं जास्त होणार.

तिसरा संप्रदाय सापेक्ष मापनाचा. यात छेद माणसांचा. एमएचटी-सीईटी २०१९ पासून परसेंटाइलमध्ये निकाल देते, जेईई मेनही तसंच देते. एका सत्राला एक लाख मुलं बसली आणि त्यांपैकी ९६ हजारांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी असतील तर तुमचं परसेंटाइल ९६. प्रत्यक्ष पेपरात तुम्हाला शंभरातले साठ मिळाले असतील, कदाचित त्याहूनही कमी. परीक्षा अनेक दिवस चालते, कुणाचा पेपर अवघड तर कुणाचा सोपा येतो, म्हणून प्रत्येक सत्राचा छेद वेगळा धरून हा हिशेब केला जातो आणि आकडा दशांशचिन्हानंतर सात स्थळांपर्यंत छापतात. १०० परसेंटाइल म्हणजे पैकीच्या पैकी गुण, असं समजणारे लोक अजूनही भेटतात. सीबीएसईच्या विषयवार श्रेणीही अशाच सापेक्ष असतात: उत्तीर्णांना गुणांनुसार उतरत्या क्रमानं लावून वरच्या एक-अष्टमांशाला ए-१, पुढच्या एक-अष्टमांशाला ए-२. म्हणजे सीबीएसईचा ए-१ आणि जिल्हा परिषद शाळेतला अ-१ एकच वाचले जात असले तरी त्यांचा जन्म वेगवेगळ्या संप्रदायांत झाला आहे.

कुर्डुवाडी रेल्वेचं गाव, त्यामुळे रेल्वे भरतीची परीक्षा इथल्या मुलांना शाळेपासून ठाऊक असते. तिथं वजाबाकीही आहे: प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण जातो. शंभरपैकी ६० बरोबर आणि ३० चूक असतील तर ६० वजा १०, म्हणजे ५०. अंदाजानं उत्तर निवडावं की प्रश्न सोडावा याचं उत्तर या एका ओळीच्या हिशेबात आहे. चारपैकी एकही पर्याय खात्रीनं खोडता येत नसेल तर अंदाजातून सरासरीनं हाती काही उरत नाही. चार अंदाजांत एक बरोबर येऊन एक गुण मिळतो आणि तीन चुकांनी तो परत जातो. एक पर्याय खोडता आला तर मात्र पारडं किंचित आपल्या बाजूला झुकतं.

या तिन्ही संप्रदायांची खरी कसोटी लागते ती एकातून दुसऱ्यात जाताना. कुर्डुवाडीला मोठ्या लाइनचा माल उतरवून बार्शी लाइटच्या छोट्या डब्यांत भरावा लागे, कारण अडीच फुटी रुळांवर मोठा डबा चालत नाही. पट्टी बदलताना गुणांचंही तसंच होतं, माल तोच असला तरी उतरवताना-चढवताना काही सांडतं. सीबीएसईनं दहावीच्या सीजीपीएला ९.५ नं गुणून टक्के काढायला सांगितलं होतं. तो आकडा कुठून आला? मागच्या काही वर्षांत ९१ ते १०० च्या पट्ट्यात आलेल्या मुलांची सरासरी ९५ च्या आसपास होती, तिला दहानं भागलं. म्हणजे ९१ वाल्याचेही ९५ झाले आणि ९९ वाल्याचेही ९५. हा गुणक त्या मंडळापुरता होता. आमच्याकडची मुलं मात्र तो कुठल्याही विद्यापीठाच्या आकड्याला लावतात. ७.५५ घेऊन तीन रीतींनी टक्के काढून पाहा. नुसतं दहानं गुणलं तर ७५.५. साडेनवानं गुणलं तर ७१.७३. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याप्रमाणे आधी ०.७५ वजा करून दहानं गुणलं तर ६८. एका रीतीनं प्रावीण्य, दुसऱ्या दोन रीतींनी नाही. नोकरीच्या अर्जात यांपैकी कुठला आकडा लिहायचा हे आपल्या विद्यापीठाचा नियम ठरवतो, आपली इच्छा ठरवत नाही, आणि चुकीचा आकडा लिहिला तर कागदपत्रांच्या पडताळणीत अर्ज बाद होऊ शकतो. जर्मनीला एम.एस.साठी जाणाऱ्यांची पट्टी तर उलटीच असते: तिथं १ सर्वांत चांगला आणि ४ काठावर पास. त्यांच्या सूत्रात दहा कमाल आणि चार किमान धरून ७.५५ टाकले की २.२ येतात. घरी ‘दोन पॉइंट दोन मिळाले’ असं सांगितलं तर रडारड होईल.

आज हे सगळं समजून घ्यायची निकड का वाढली? राज्य मंडळाच्या दहावीच्या चार वर्षांच्या निकालांकडे पाहा. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के मुलं उत्तीर्ण झाली. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेतले अंतर्गत गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० वर आला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं बारा टक्क्यांनी ‘ढ’ झाली असं कुणी म्हणणार नाही. छेद बदलला होता. मग अंतर्गत गुण परत आले. २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, त्याचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीनं दिले गेले आणि निकाल लागला ९५.३०. २०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकांचे २० अशी मोट बांधली आणि ९९.९५ टक्के मुलं पास झाली. ‘करोना बॅच’ म्हणून या मुलांना आजही टोमणे ऐकावे लागतात, हे मला फार खुपतं. नियम त्यांनी केला नव्हता. नववीच्या सहामाहीचा पेपर लिहिताना, दीड वर्षानं हेच गुण दहावीच्या निकालात बसणार आहेत हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. मोजण्याची रीत माणसाच्या आयुष्यात केवढी उलथापालथ करते याचं एवढं स्पष्ट उदाहरण आपल्या राज्यात दुसरं नाही.

दुसरं कारण मोबाइल. कुर्डुवाडीच्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. फोनचा अभ्यासासाठी असा चांगला उपयोग होऊ शकतो हे आपल्याच मातीतलं उदाहरण. पण फोनवर सीजीपीए काढून देणारी जी ॲप आहेत ती आकडे घेतात आणि आकडा देतात. मधली पायरी दाखवत नाहीत, आणि कुठल्या विद्यापीठाचा नियम वापरला तेही बहुधा सांगत नाहीत. ॲप वापरायला हरकत नाही, फक्त एकदा तरी तेच उत्तर वहीत काढून पडताळावं.

तिसरं कारण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. हिशेब येणाऱ्या विद्यार्थ्याला पुढचं दिसतं. समजा एखाद्याचा चार सत्रांनंतर सीजीपीए ६.८ आहे, सगळ्या सत्रांची क्रेडिट सारखी आहेत, आणि त्याला सहा सत्रांअखेर ७.२५ हवेत. ७.२५ ला सहानं गुणायचं, ४३.५. त्यातून ६.८ गुणिले ४, म्हणजे २७.२ वजा करायचे. उरले १६.३, दोन सत्रांत वाटले की ८.१५. उरलेल्या दोन्ही सत्रांत ८.१५ ची सरासरी: कठीण, पण आवाक्यातलं. त्याला ७.७५ हवे असतील तर हाच हिशेब ९.६५ वर जातो, आणि मग दुसरा मार्ग शोधायला त्याच्या हातात अजून एक वर्ष असतं. शेवटच्या सत्राच्या निकालानंतर हेच कळून उपयोग नाही. लातूरनं ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जी सरावाची शिस्त उभी केली तिच्याबद्दल मतभेद खूप आहेत, पण प्रत्येक चाचणीनंतर आपण कुठं आहोत आणि किती कमी पडतंय हे मुलाला कागदावर दाखवण्याची त्यातली सवय चांगलीच आहे. ती फक्त क्लासची फी भरू शकणाऱ्यांपुरती राहू नये.

हिशेबाची मर्यादाही या पुस्तकानं लपवलेली नाही. बेरीज तपासता येते, उत्तराला दिलेले गुण तसे तपासता येत नाहीत. स्टार्च आणि इलियट यांचा भूमितीचा कागद विसरून चालणार नाही. म्हणूनच गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना माहीत हवं. पडताळणीत बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर बघतात, छायाप्रतीत आपण स्वतः बघतो, पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक बघतो. मुदती थोड्या दिवसांच्या असतात. निकालाच्या रागात किंवा रडण्यात त्या निघून जातात आणि मग हळहळ उरते.

पुस्तकाची रचना या विचारांतूनच ठरली आहे. आम्ही ती इयत्तेनुसार केलेली नाही, छेदानुसार केली आहे: आधी गुणांचा छेद, मग पट्ट्यांचा आणि क्रेडिटचा, मग माणसांचा, आणि शेवटी एका पट्टीतून दुसरीत जाण्याचा. सहावीतल्या मुलीला आणि एम.ए.च्या विद्यार्थ्याला हवं ते यात सापडावं अशी धडपड आहे. उदाहरणं आपल्या भागातली आहेत. सूत्र देण्याआधी ते का आलं हे सांगितलं आहे, आणि प्रत्येक सूत्राखाली एक रिकामी जागा ठेवली आहे, ती स्वतःच्या आकड्यांसाठी. ‘हुशार मुलं’ आणि ‘मागे पडलेली मुलं’ असे भाग आम्ही मुद्दाम पाडलेले नाहीत. काठावर पास होणाऱ्याला हिशेबाची गरज प्रावीण्यवाल्याइतकीच, किंबहुना जास्त आहे. जास्त गुण मिळवण्याच्या युक्त्याही यात नाहीत.

नियम बदलतात. मंडळ आणि विद्यापीठ दरवर्षी परिपत्रकं काढतात, आणि या पुस्तकातला एखादा भारांक तुमच्या हाती पुस्तक येईपर्यंत जुना झालेला असू शकतो. म्हणून हिशेबाला बसताना तीन कागद जवळ घ्या: आपलं शेवटचं गुणपत्रक, आपल्या अभ्यासक्रमाची चालू वर्षाची मूल्यमापनाची नियमावली (शाळेच्या किंवा कॉलेजच्या कार्यालयात ती मागता येते, आणि मागावीच), आणि एक कोरा कागद. पहिल्या प्रकरणातला पहिला हिशेब आमच्या आकड्यांनी सोडवलेला आहे. दुसऱ्या हिशेबात आम्ही आकडे घातलेलेच नाहीत. तिथं तुमच्या गुणपत्रकातले घाला.